मानेवरचं मीठ

काशिरामनं त्या दिवशी सकाळीच बायकोला सांगून टाकलं, "यो लगीन शेवटचा. यापुडं गाना बंद."

कृष्णाबाई अंबाड्याला आकडे लावत होती. दातात धरलेला आकडा काढून ती नुसतं "बरा" म्हणाली आणि पुन्हा आरशाकडे वळली. भांडली असती तर काशिरामला बरं वाटलं असतं. त्यानं रात्रभर चार खणखणीत उत्तरं तयार करून ठेवली होती, ती सगळी तशीच वाया गेली.

कृष्णाबाई धवलारीण होती. पनवेलच्या आसपासच्या आगरी गावांत भटजी येतात ते मागाहून, लग्न खरं लागतं ते धवलारणीच्या तोंडून. मांडव घालताना, हळद लावताना, देवांना बोलावताना तिचं गाणं लागतं. त्या गाण्याला धवला म्हणतात. धवला सुरू झाला की संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, शिंक आली तर नाक दाबून बसायचं. धवला तुटला तर संसार तुटतो, असं जुनी माणसं सांगतात. नवी माणसं हसतात, पण उगाच विषाची परीक्षा कशाला म्हणून पाळतात तीही.

या सगळ्या धवल्यांत एक मात्र पुरुषांच्या कानांवर पडायचा नसतो. हळद दळायला बायका नवरीला आतल्या खोलीत नेतात, कडी लावतात, जात्यापाशी बसतात. तिथे धवलारीण नवरीला गाण्यातून चार गोष्टी सांगते. आईला सांगायची लाज वाटते आणि मैत्रिणींना धड माहीत नसतात, अशा गोष्टी. दार उघडतं तेव्हा बायकांचे चेहरे लाल झालेले असतात, आणि ते काही दळणाच्या कष्टानं नव्हे.

त्या लाल चेहऱ्याच्या बायका बाहेर आल्या, की आधी काशिरामकडे बघायच्या आणि हसायच्या. इथेच त्याचं दुखणं होतं.

चाळीसेक वर्षं तो बायकोची पिशवी, शाल आणि पानाचा डबा घेऊन लग्नालग्नांत फिरला. धवलारणीचा नवरा म्हणून चहा आधी मिळायचा, मान मिळायचा, पण हे हसणंही मिळायचं. उरण नाक्यावर मासळी घेताना एखादी अनोळखी बाई त्याच्या पायांकडे बघायची, शेजारणीला कोपरानं ढोसायची, आणि मग दोघी पदरात तोंड घालायच्या. काशिरामच्या डाव्या पायाची करंगळी अर्धी होती. लग्नाआधी मिठागरावर काम करताना फावड्यानं तुटलेली. पण त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं? त्यानं आपल्यापुरता अर्थ लावला होता. ही बया आत बसून आपली टवाळी करते, दादला म्हणजे काय ध्यान असतं ते नवरीला दाखवायला आपलाच नमुना वापरते.

"आत काय गातंस?" असं त्यानं किती वेळा विचारलं असेल. कृष्णाबाई ताकास तूर लागू द्यायची नाही. "बायकांचा असतो," एवढंच म्हणायची.

आणखी एक सल होता, तो त्यानं कुणालाच सांगितला नव्हता. तरुणपणी, त्या दोघांची जवळीक झाली, की कृष्णाबाई भिंतीकडे तोंड करायची आणि किती तरी वेळ पुटपुटत राहायची. डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले. काशिराम छताकडे बघत पडायचा. ही देवाची माफी मागते की काय? की मनात दुसराच कुणी आहे, त्याच्याशी बोलते? विचारायची छाती झाली नाही. पुढे मिठागरं बुजली, हातचं काम गेलं, दिवसभर ओट्यावर बसायची वेळ आली. तेव्हा एका उन्हाळ्यात त्यानं "आत उकडतं" म्हणून गादी पडवीत नेली. पाऊस आला, थंडी आली, गादी पडवीतच राहिली. कृष्णाबाईनं एका शब्दानं विचारलं नाही. काशिराम काय समजायचं ते समजला.

आणि मागच्या लग्नात तर कहर झाला. आतून बाहेर आलेली नवरीची एक कॉलेजातली मैत्रीण त्याच्यासमोर थांबून चक्क म्हणाली, "हेच का ते?" आणि पळाली. सत्तरीच्या माणसानं किती सोसायचं? त्याच रात्री त्यानं ठरवलं, आता बंद.

*

लग्न पनवेलजवळच्या विचुंबे गावात, जुन्या ओळखीतल्या प्रभाकरच्या मुलीचं, समीक्षाचं. प्रभाकरच्या जागेत इमारत उभी राहिली होती आणि तळमजल्याची ऐसपैस घरं त्यानं स्वतःकडे ठेवली होती. समोर गाड्या लावायच्या जागेत मांडव. संध्याकाळी हळदीचा डीजे होता, त्यामुळे माणसाच्या उंचीचे स्पीकर सकाळपासूनच येऊन उभे राहिले होते. ते आणणारा कुंदन हा सगळीकडे वायरी पसरत हिंडणारा उत्साही प्राणी. कृष्णाबाई देवांना बोलवायला मांडवात बसली, तसा तो पुढे आला.

"आजी, तुमचा आवाज मागपर्यंत पोचत नाही. हा एवढासा माइक पदराला लावतो. तुम्ही विसरून जा, आहे म्हणून."

"टोचाचा नाय ना?" कृष्णाबाईनं विचारलं. कुंदननं टोचणार नाही अशी खात्री दिली, पदराच्या आत माइक लावला आणि कमरेला छोटी डबी खोचली. कृष्णाबाईनं देवांना एकेक करून हाका मारल्या. डोंगरावरची आई आली, कर्नाळ्याच्या बाजूचे देव आले, खाडीतले, वेशीवरचे, सगळे आले. मोठ्या स्पीकरमधून तिचा तो चिरका, थकलेला, पण सुरात पक्का आवाज रस्त्यापर्यंत गेला. येणारेजाणारे मोटारसायकली थांबवून ऐकत होते.

देवांचं आटोपलं. बायका समीक्षाला घेऊन उठल्या, कृष्णाबाईही गुडघ्यावर हात देऊन उठली. सगळ्या जणी आत गेल्या. दार लागलं, कडी वाजली. कुंदननं "विसरून जा" म्हटलं होतं, आणि कृष्णाबाई खरोखरच विसरली होती.

पुरुष मंडळी मांडवात पांगून बसली. काशिराम पुढच्या ओळीत, चपला काढून, बायकोची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी त्याचा जुना दोस्त जगन, टपाल नाक्यावर शिंप्याचं दुकान चालवणारा. चहा आला. आणि एकदम स्पीकरमधून घरघर ऐकू येऊ लागली.

"तुझा डबा बिघडला रे कुंदन," कुणीतरी ओरडलं.

पण ती घरघर बिघाडाची नव्हती. ते जातं होतं, आणि त्याच्या आवाजात आतल्यांना बाहेरचं काही ऐकू जात नसणार. मग बांगड्या वाजल्या, कुणीतरी खिदळलं, कुणीतरी "गप गो, सुरू करतंय ती" म्हणालं, आणि कृष्णाबाईचा आवाज आला. मघाचा नव्हे. खालचा, ऊबदार, काशिरामनं कधीच न ऐकलेला.

*नवरी गो नवरी, डोले मिटू नको,*
*दिवा जलतंय त्याला फुकू नको…*

मांडव गार पडला. बायकांनी आत ती ओळ झेलली. कुंदननं धावत जाऊन मशीनच्या बटनावर बोट ठेवलं आणि तिथेच थबकला. त्यालाही आईनं लहानपणापासून बजावलेलं होतं. धवला सुरू झालाय. बंद करायचा कसा? दार वाजवून सांगावं तर दार वाजवणं म्हणजेच तोडणं. त्यानं प्रभाकरकडे पाहिलं, प्रभाकरनं काशिरामकडे. मग सगळ्या मांडवानं काशिरामकडे पाहिलं. धवलारणीच्या माणसाचा शब्द अशा वेळी शेवटचा.

काशिरामनं बंद दाराकडे पाहिलं. आजवर झाकली मूठ होती. बंद खोलीत काय टवाळी व्हायची ती चार बायकांत राहायची. आता ती सगळ्या गावासमोर, माणसाच्या उंचीच्या स्पीकरमधून होणार होती. त्यानं नुसतं बोट हलवलं असतं तरी कुंदननं बटन दाबलं असतं. पण आत समीक्षा बसली होती. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली पोर. तिचा धवला तोडायचा?

त्यानं मान हलवली. नाही. आणि पिशवी पोटाशी घट्ट धरून, मार खायला बसावं तसा तो बसला.

*मिठागरावून दादला गो आला,*
*उन्हानं अंगाचा तांबा गो झाला.*
*पानी नको देव, बस नको सांगू,*
*मानेवरचा मीठ, म्हन, मला दे चाखू…*

मिठागराचं नाव ऐकताच काशिरामनं डोळे मिटले. आता येणार, आता आपल्या फेंगड्या चालीवर येणार. पण गाणं चालीवर गेलं नाही. ते खांद्यावर गेलं. चैत्रातल्या दुपारी मीठ ओढून घरी आलेल्या माणसाच्या खांद्यावर घाम वाळून पांढरी नक्षी उमटते, तिच्यावर गेलं. मग पाठीच्या पन्हाळीवर, पोटऱ्यांवर, भेगा पडलेल्या हातांवर. हे हात अंगावरून फिरतात तेव्हा लुगड्याचं सूत कसं अडकतं, आणि ते सोडवायची घाई कशी करू नये, हेही नवरीला नीट सांगून झालं.

*पाठीव त्याचे तीळ गो दोन,*
*माजेबिगर त्यांना जानतंय कोन?*

आत बायका खळखळून हसल्या. काशिरामचा हात आपोआप मागे, पाठीकडे गेला. तिथे तीळ आहेत? त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. माणसाला आपली पाठ कुठे दिसते?

हा दादला आहे तरी कोण? त्याच्या मनात वेडावाकडा विचार आला. मिठागरावर तेव्हा पुष्कळ तरणे गडी होते. त्यातलाच कुणी? भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची ती त्याच्याशीच? टवाळी परवडली असती, असं त्या क्षणी त्याला वाटलं. आणि मग पुढची ओळ आली.

*डावे पायाची करंगली तुटली,*
*तिथंच माजी पयली गो लाज सुटली.*

मांडवातले सगळे डोळे एकदम खाली, काशिरामच्या डाव्या पायावर गेले. त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतला. पण आता काय उपयोग, हातच्या काकणाला आरसा कशाला?

त्याला लग्नाची पहिली रात्र आठवली. दोघंही इतकी घाबरलेली, की कंदिलाच्या दोन बाजूंना बसून होती. बोलायला शब्द नाही. तिनं मान वर केली नव्हती, म्हणून तिला दिसला तो त्याचा पाय. तिनं हळूच हात पुढे केला, तुटकी करंगळी मुठीत धरली आणि विचारलं, "दुकला का?" काशिराम इतकी वर्षं समजत होता, की तिला दया आली. ती दया नव्हती, असं आज त्याला सगळ्या गावाबरोबर कळत होतं.

म्हणजे ते पुटपुटणं! भिंतीकडे तोंड करून ती ओळी बांधत होती. नुकत्याच सरलेल्या त्या घटकेतून, अंगाची ऊब विझायच्या आत, एकेक ओळ वेचत होती. देव नाही, दुसरा कुणी नाही. तोच. ती त्याच्याकडे पाठ करून त्याच्याकडेच बघत होती. ज्याचा धड फोटो काढायलाही आयुष्यात कुणी थांबलं नाही, त्याच्या शरीराचं एका बाईनं हे केलं होतं. देवळात कोरावं तसं कोरून ठेवलं होतं, फक्त दगडाऐवजी आवाजात.

त्यानं भीतभीत मांडवाकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. जगन तोंड उघडं टाकून बसला होता. त्याची गोदू लग्नाआधी याच जात्यापाशी बसली होती. पलीकडे बसलेल्यांच्या बायकाही. प्रभाकरच्या बायकोच्या हळदीलाही कृष्णाबाईच होती. ते आठवून प्रभाकर हळदीआधीच पिवळा, मग लाल झाला होता. या खाडीकाठच्या गावांत चाळीस वर्षांत जेवढ्या नवऱ्या डोळे उघडे ठेवून, दिवा न फुंकता पहिल्या रात्रीला सामोऱ्या गेल्या, त्या सगळ्या मनात काशिरामच्या खांद्यावरचं मीठ घेऊन गेल्या होत्या. त्यांची पोरं आता मांडवात खुर्च्या लावत होती. काशिराम त्या पोरांकडे बघत राहिला. एवढा आपला पसारा? त्या बायका त्याला हसत नव्हत्या. ओळखीच्या माणसाला बघून तोंड फुलतं, तसं त्यांचं तोंड फुलत होतं.

जात्याची घरघर मंद झाली. धवला संपत आला होता.

*खाडी गो बुजली, मिठागर गेला,*
*त्याचेवर लोकांनी शहर गो केला.*
*केस गो पिकले, कंबर वाकली,*
*मानेनं त्याचे खार गो राखली…*

ही शेवटची ओळ आतल्या बायकांना नवी होती. झेलायला त्यांना क्षणभर उशीर झाला. मग त्यांनी ती म्हटली, पण हसत नाही. हळू म्हटली.

जातं थांबलं. कुंदननं बटन बंद केलं. मांडवात कुणीच उठेना. काशिरामनं मान खाली घातली आणि आपल्या मानेवरून एक बोट फिरवलं. कुणाचं लक्ष नाही असं बघून ते जिभेला लावलं. मग मात्र त्याला रडू आवरेना. पिशवीतली बायकोची शाल काढून त्यानं तिच्यात तोंड पुसलं.

"काशिराम," जगन कुजबुजला, "गोदूनं पयल्या रातीला माजी मान चाटली. नि बोलली, तुमाला चवच नाय. मी घाबरलो, वाटला बाई येडी हाय." त्यानं स्वतःची मान चाचपली. मग म्हणाला, "मी शिलाईवाला मानूस रे. माज्या मानेला मीठ कुठून येनार?"

दार उघडलं. लाल चेहऱ्याच्या बायका बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. एवढे पुरुष, एवढे गप्प, त्यांनी कधी पाहिले नव्हते. कुंदन खालच्या मानेनं पुढे आला आणि कृष्णाबाईच्या पदराचा माइक काढू लागला. डबीवरचा लाल दिवा अजून लागलेला होता. तो दिवा बघून कृष्णाबाईला सगळं कळलं.

"सगल्यांनी ऐकला?" तिनं विचारलं.

कुंदननं मान आणखी खाली घातली. धरणीनं पोटात घ्यावं असं तिचं तोंड झालं. तिनं समोर पाहिलं, फक्त काशिरामकडे. चाळीस वर्षं जी बाई लग्नाच्या पोरींच्या भीतीवर गाणी बांधत होती, ती स्वतः नव्या नवरीसारखी भ्यालेली होती.

प्रभाकर उठला. त्यानं वरपित्यासाठी ठेवलेली गादीची खुर्ची उचलून आणली आणि काशिरामपुढे ठेवली. काशिराम बसला नाही. तेवढ्यात जगननं घसा खाकरला. "वयनी, माजे नातीचा लगीन हाय मार्गशीर्षात. धवला तुमीच गावाचा."

"यांना इचारा," कृष्णाबाई जमिनीकडे बघत म्हणाली. "यांनी बंद करायला सांगितलाय."

"मी कवा सांगितला?" काशिराम एवढ्या मोठ्यानं ओरडला, की मागचं पोर दचकलं. "मी काय पन सांगितला नाय. मार्गशीर्षात आमी येनार. पिशवी मी घेनार."

*

परतताना रिक्षा केली. महामार्गावरून कर्नाळ्याचा सुळका दिसत होता आणि रिक्षावाला मोबाइलवर गाणी लावून आपल्याच नादात होता. पिशवी काशिरामच्या मांडीवर होती.

"मला सांगाचा होतास," तो शेवटी म्हणाला.

"सांगितला असता तं तुमी आरशात बगाया लागले असते," कृष्णाबाई म्हणाली. "खांदे ताठ करून चालले असते. मंग मी काय बगनार होती?"

काशिरामला हे पटलं. आपण नक्कीच तसं केलं असतं.

"नि ती शेवटची ओल? मानेची. ती कवाची?"

कृष्णाबाईनं बाहेर बघितलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत ती लाल झाली होती, या वयात.

"परवाची."

"परवा? परवा तं मी पडवीत झोपलेलो."

"म्हायती हाय," ती म्हणाली. "तुमी लय गाढ झोपता."

काशिरामनं मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली. परवाच नव्हे, त्याच्या आधीही किती वेळा ती दार लोटून आली असेल, वाकली असेल आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पुटपुटली असेल, याचा तो विचार करत राहिला. आणि आपण घोरत पडलेलो. घर आलं, त्यानं रिक्षावाल्याला पैसे दिले, पिशवी तिच्या हातात दिली. मग पडवीतली गादी उचलली, तिची धूळ झटकली आणि ती आत घेऊन गेला.